जहाजाची सफर आणि प्रवास विमा : हप्ता पाहावा की नुकसान?

बिलोलीहून आमच्या एका वाचक बांधवाने एक प्रश्न विचारला आहे. त्यांचे पाइप, मोटारपंप आणि हार्डवेअरचे दुकान आहे. पाइप बनविणाऱ्या कंपनीने वर्षभराच्या खरेदीवर डीलरांसाठी स्कीम ठेवली होती. टार्गेट पूर्ण झाले आणि बक्षीस म्हणून पती-पत्नी दोघांना सिंगापूरची सहल मिळाली. हैदराबादहून विमान, सिंगापुरात दोन मुक्काम आणि त्यानंतर तीन रात्री क्रूझवर, म्हणजे मौजेच्या प्रवासी जहाजावर. अम्मींना घरी एकटे कसे ठेवायचे, म्हणून त्यांचे तिकीट स्वखर्चाने काढायचे ठरले. अम्मींचे वय ६८, त्यांना रक्तदाबाचा त्रास. स्वतः दुकानदारांना सात वर्षांपासून साखर. टूरवाल्याचा माणूस म्हणतो, "भाई, तिघांचा प्रवास विमा काढून टाका, साडेपाच हजारांचे काम आहे." थोरले बंधू म्हणतात, "पाच दिवसांत काय होणार आहे? साडेपाच हजार पाण्यात घालण्यापेक्षा लेकरांना काही आणा." विमा काढावा की नाही, असा हा सरळ प्रश्न आहे.

प्रथम आम्हाला वाटले की हा प्रश्न फार थोड्या लोकांचा आहे. बिलोली, कुंडलवाडी, नायगाव, देगलूर भागातील आपला दुकानदार किंवा कारागीर जहाजाच्या सफरीला कधी जाणार? पण विचार केला तेव्हा ध्यानात आले, की सिमेंट, रंग, टायर, बी-बियाणे, मोटारपंप अशा अनेक व्यवसायांत कंपन्या डीलरांना बक्षीस म्हणून परदेशी नेतात. उमऱ्याला जाणारे आपल्या प्रत्येक गावात आहेत. आखातात कामाला जाणारे गवंडी, सुतार, वेल्डर आहेत. या सर्वांपुढे कधी ना कधी हाच कागद येतो, आणि बहुतेक जण तो न वाचता सही करतात किंवा न वाचता नाकारतात. दोन्ही गोष्टी व्यापाऱ्याला शोभणाऱ्या नाहीत. म्हणून या वेळी हा विषय थोडा सविस्तर घेत आहोत.

जहाज आणि विमा यांचे जुने नाते

विम्याचा धंदा मुळात जहाजामुळेच वाढला. 'विमा' हा शब्दही फारसीतील 'बीमा'वरून मराठीत आला. 'बीम' म्हणजे भय. समुद्रात माल टाकणाऱ्या व्यापाऱ्याला भय असायचे ते वादळाचे, चाच्यांचे आणि जहाज फुटण्याचे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारी पूर्वी 'जोखमी हुंडी' लिहीत. माल बंदरात सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यायचे. जहाज बुडाले तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे बुडाले. म्हणजे हुंडीतच जोखीम विकली जाई. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड याच्या कॉफीच्या दुकानात जहाजमालक आणि जोखीम उचलणारे लोक जमत. त्यातूनच पुढे लॉइड्स ही विम्याची जगप्रसिद्ध पेढी उभी राहिली.

आपल्या घरातील बुजुर्गांना जहाजाचा प्रवास नवा नाही. मुंबईहून जिद्द्याला हाजी जहाजाने जात. मोगल लाइनची 'अकबरी', 'मोहम्मदी' ही नावे जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहेत. १९९५ साली हा समुद्रमार्ग बंद झाला. त्या काळी जाणारा माणूस निघण्याआधी देणी-घेणी मिटवी, अमानती परत करी, वसीयत लिही आणि घरी परत येईपर्यंतचा खर्च ठेवून जाई. माणूस संकटाचा विचार आधी करून निघत असे, हे त्यातून दिसते. आजचा प्रश्न तोच आहे. फरक एवढाच की एक तिसरा माणूस पैसे घेऊन त्या संकटातील काही भार उचलायला तयार आहे. तो किती भार उचलतो आणि त्याचा मोबदला योग्य आहे का, हे आपल्याला ठरवायचे आहे.

पहिला हिशेब : हप्ता किती नव्हे, नुकसान किती

विम्याविषयी आपल्याकडे दोन चुका होतात. एक, हप्ता स्वस्त आहे म्हणून घेणे. दुसरी, काहीच झाले नाही तर हप्ता वाया जाईल म्हणून न घेणे. दोन्ही वेळा आपण हप्त्याकडे पाहतो. पाहायचे असते नुकसानीकडे.

दुकानाचेच उदाहरण घ्या. खिळ्यांचे एक पाकीट हरवले, नळाची तोटी फुटली, तर त्याचा विमा कोणी काढत नाही. ते नुकसान गल्ल्यातून सोसता येते. परंतु आग लागून सर्व माल जळाला तर दुकान उठते, सावकार दारात येतो, मुलांची शाळा सुटते. विमा काढायचा तो अशा नुकसानीचा. जे नुकसान चिडचिड करायला लावते ते आपण सोसावे; जे नुकसान घर मोडते त्याचा बंदोबस्त करावा. मग तो बंदोबस्त विम्याने करा, शिलकीने करा की आणखी कशाने.

आता हीच फूटपट्टी सिंगापूरच्या सफरीला लावू.

सफरीत नुकसान कोठे होऊ शकते?

१. सामान. बॅग उशिरा आली किंवा हरवली. मनस्ताप होतो, पण घर मोडत नाही. शिवाय बहुतेक पॉलिसींत रोकड आणि सोन्याचे दागिने यांची भरपाई नसते. तेव्हा दागिने घरी ठेवणे हाच खरा विमा.

२. पासपोर्ट हरवणे. भारतीय वकिलातीत जाऊन तात्पुरता कागद घ्यावा लागतो, एक-दोन दिवस जादा राहावे लागते. खर्च होतो, पण झेपतो.

३. जहाज चुकणे. एस.टी. चुकली तर दुसरी मिळते. जहाज कोणासाठी थांबत नाही. पुढच्या बंदरावर स्वतःच्या खर्चाने जाऊन ते गाठावे लागते किंवा सफर सोडावी लागते. हे मध्यम नुकसान.

४. सफर रद्द होणे. निघण्याआधी आजारपण, घरात मृत्यू, अपघात. तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

५. परदेशात किंवा जहाजावर गंभीर आजार. हेच ते घर मोडणारे नुकसान. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो. पण तो फुकट नसतो. तपासणी, इंजेक्शन, सलाईन सर्वांचे बिल खोलीच्या खात्यावर लागते आणि उतरताना भरावे लागते. हृदयविकाराचा झटका आला, पक्षाघात झाला, तर जहाजावर पुढचे उपचार होत नाहीत. रुग्णाला जवळच्या बंदरावर उतरवितात, प्रसंगी बोटीने किंवा हेलिकॉप्टरने नेतात. मग तेथील रुग्णालय, सोबतच्या माणसाचे राहणे, परतीचे नवे तिकीट, आणि अवस्था वाईट असेल तर डॉक्टरसह विमानाने मायदेशी आणणे. सिंगापूरचे उपचार चांगले आहेत आणि महागही आहेत.

६. परदेशात मृत्यू. अल्लाह सर्वांना सुरक्षित ठेवो, पण हिशेब करताना हेही लिहावे लागते. दफन तेथे करायचे की मय्यत घरी आणायची, कागदपत्रे आणि खर्च कोणी करायचा, हा प्रश्न दुःखाच्या वेळी समोर उभा राहतो.

आता पाहा. पहिली चार नुकसाने आपले बिलोलीचे बांधव सोसू शकतात. पाचवे त्यांना झेपणारे नाही. समजण्यासाठी पंधरा लाखांचे बिल धरा. दुकानातील सगळा माल विकून, वर नातेवाइकांकडून उसने घेऊन ते भरावे लागेल. तेव्हा साडेपाच हजारांचा प्रश्न बॅगेसाठी नाहीच. तो अम्मींच्या रक्तदाबासाठी आणि त्यांच्या स्वतःच्या साखरेसाठी आहे.

येथे काही जण म्हणतील, आमच्याकडे मेडिक्लेम आहे, आयुष्मानचे कार्ड आहे. या गोष्टी चांगल्या आहेत, पण साधारण मेडिक्लेम भारतातील रुग्णालयापुरताच चालतो. आयुष्मान कार्डावरील वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांतच मिळतात. सिंगापूरच्या रुग्णालयात हे कार्ड दाखवून उपयोग नाही, जहाजाच्या दवाखान्यातही नाही.

फुकटच्या तिकिटाचा वेगळा हिशेब

एक गोष्ट टूरवाल्याच्या माणसाने सांगितली नसेल, ती आम्ही सांगतो. पॉलिसीच्या हप्त्यात 'सफर रद्द' या कलमाचाही पैसा असतो. ज्याने तिकीट स्वतःच्या पैशाने काढले त्याला त्याचा उपयोग आहे. परंतु पती-पत्नींची तिकिटे कंपनीने दिली आहेत. सफर रद्द झाली तर त्यांच्या खिशातून गेले काय? काहीच नाही. नुकसानच नसेल तर भरपाई कशाची मागणार? म्हणजे त्या दोघांसाठी केवळ वैद्यकीय खर्चाची साधी पॉलिसी पुरेशी आहे. अम्मींचे तिकीट मात्र स्वखर्चाचे आहे. त्यांच्यासाठी 'सफर रद्द'चे कलम असावे, आणि ते तिकीट काढतानाच घ्यावे. निघण्याच्या आदल्या रात्री घेतले तर मधल्या काळातील आजारपणाला काही मिळत नाही.

दुसरी गोष्ट. कंपनी जेव्हा शे-दोनशे डीलर घेऊन जाते, तेव्हा टूरवाला सर्वांची मिळून एक गट पॉलिसी काढतो असेही असते. ती आधीच काढली आहे का, हे विचारा. असेल तर पॉलिसीची प्रत मागा. "आहे, काळजी नको" एवढ्यावर समाधान मानू नका. त्यात आपले नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, जन्मतारीख बरोबर आहे का, आणि रक्कम किती आहे, हे पाहा. गट पॉलिसी पुरेशी असेल तर स्वतःसाठी पुन्हा तीच वस्तू विकत घेण्यात अर्थ नाही. रक्कम तोकडी असेल तर स्वतःची घ्यावी.

पॉलिसी कशी वाचावी?

आपण कापडाचा तागा घेताना टोक उलगडून पाहतो, पाइप घेताना जाडी पाहतो. पॉलिसीही तशीच पाहावी. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत जे मिळणार ते असते. आतल्या बारीक अक्षरांत जे मिळणार नाही ते असते. बारीक अक्षरे आधी वाचा, इंग्रजी अडत असेल तर शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्या. खालील प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत.

जहाजावरील दवाखान्याचे बिल मिळते का? काही पॉलिसींत क्रूझसाठी वेगळे कलम जोडून घ्यावे लागते. समुद्रातून किनाऱ्यावर आणि किनाऱ्यावरून घरी आणण्याचा खर्च आहे का? असल्यास कमाल किती?

जुन्या आजाराचे काय? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. अनेक पॉलिसींत जुना आजार पूर्ण वगळलेला असतो. काहींत जिवावर बेतले तरच, आणि तेही ठराविक रकमेपर्यंत मिळते. साखर असलेल्या माणसाला झटका आला, तर विमा कंपनी तो साखरेचाच परिणाम धरील का, हे आधी विचारून ठेवावे. जुना आजार वगळणारी पॉलिसी अम्मींसाठी घेणे म्हणजे गळक्या छपरावर रंग देणे आहे.

वयाची अट काय? साठ-पासष्ट किंवा सत्तरच्या पुढे हप्ता वाढतो, रक्कम घटते किंवा वैद्यकीय तपासणी मागतात.

दाव्यातील आपला वाटा किती? बहुतेक पॉलिसींत प्रत्येक दाव्यातील पहिली काही रक्कम, समजा शंभर डॉलर, आपण सोसायची असते. म्हणून किरकोळ सर्दी-तापाला विम्याचा उपयोग होत नाही.

जहाज चुकल्याची भरपाई कोणत्या कारणाला? विमान उशिरा आले तर बहुधा मिळते. आपली भाड्याची जीप पंक्चर झाली तर बहुधा नाही. बिलोलीहून बोधन, निजामाबादमार्गे हैदराबादचे विमानतळ दोनशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. पावसाळ्यात हा रस्ता किती वेळ खाईल याचा भरवसा नाही. म्हणून या जोखमीवर विम्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे आदल्या दिवशी निघून हैदराबादला मुक्काम करणे.

तारखा बरोबर आहेत का? घरून निघण्यापासून घरी येईपर्यंतचे दिवस आणि वर एक-दोन दिवस जादा धरावेत. परदेश प्रवासाची पॉलिसी भारतातून निघण्याआधीच काढावी लागते.

आजार लपवू नका

आमच्या कानावर एक गोष्ट नेहमी येते. एजंट म्हणतो, "साखरेचे लिहू नका, हप्ता वाढेल." हा सल्ला फार नुकसानीचा आहे. विम्याचा करार पूर्ण विश्वासावर उभा असतो. फॉर्मवर 'आजार नाही' असे लिहिले आणि उद्या रुग्णालयाच्या कागदावर 'सात वर्षांपासून मधुमेह' असे आले, तर दावा नाकारायला कंपनीला तेवढे कारण पुरते. हप्ताही गेला आणि भरपाईही गेली. शिवाय खोटे लिहिण्याचा भार आपल्या अंगावर राहिला तो वेगळाच. मालातील दोष लपवून विकणे जसे गैर, तसेच हेही गैर. एजंटाला कमिशन मिळून जाते; फॉर्मवर सही मात्र आपली असते.

मोठे अपघात आणि साधे आजार

जहाज म्हटले की लोकांना बुडणे आठवते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणात ही आठवण अजून ताजी आहे. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉनकॉर्डिया' हे प्रचंड क्रूझ जहाज खडकावर आदळून कलंडले. त्यावर चार हजारांहून अधिक लोक होते. ३२ मृत्यू पावले. ही संकटे मोठी, पण विरळ आहेत. त्यांच्या भीतीने विमा काढू नये. काढायचा तो साध्या गोष्टींसाठी : पाय घसरून खुब्याचे हाड मोडणे, छातीत दुखणे, उलट्या-जुलाबांनी पाणी कमी होणे. वयस्क माणसाच्या बाबतीत याच गोष्टी घडतात.

रोगाची साथ हा तिसरा प्रकार. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' जहाज करोनामुळे अडकले. त्यावर ३,७११ माणसे होती, सातशेहून अधिक जणांना लागण झाली. शंभरावर भारतीयही त्यात होते, बहुतेक जहाजावरचे कर्मचारी. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या मुंबईहून गोव्याला गेलेल्या 'कॉर्डेलिया' जहाजावर सुमारे दोन हजार लोक होते. ६६ जण बाधित निघाले आणि शेवटी जहाज मुंबईला परत पाठविले गेले. सुटी घालवायला निघालेल्या माणसाला असे दिवस काढावे लागतात. म्हणून साथीचा रोग, अलग ठेवणे आणि बंदर वगळले जाणे याबद्दल पॉलिसीत काय लिहिले आहे हेही पाहून घ्यावे.

मुंबईहून निघणारे जहाज

काही डीलरांना मुंबई-गोवा किंवा मुंबई-लक्षद्वीप अशी सफर मिळते. त्यांचा हिशेब वेगळा आहे. येथे किनारा आपलाच आहे. गोव्याच्या किंवा कोचीच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर मेडिक्लेम असलेल्याला तो वापरता येतो. मात्र जहाजावरील डॉक्टरचे बिल त्यात सहसा बसत नाही, कारण बहुतेक मेडिक्लेमला रुग्णालयात दाखल होण्याची अट असते. प्रकृती चांगली असलेल्या, मेडिक्लेम असलेल्या माणसाने या सफरीला वेगळा विमा नाही काढला तरी चालेल. हृदयरोगी किंवा वयस्क माणूस सोबत असेल, तर समुद्रातून किनाऱ्यावर आणण्याचा खर्च देणारी देशांतर्गत पॉलिसी मिळते का, हे विचारावे.

या सफरीत आपल्या भागातील माणसाला खरा धोका जहाज चुकण्याचाच. बिलोलीहून नांदेड पाऊणशे किलोमीटर, पुढे रात्रभर रेल्वे. गाडी चार तास उशिरा पोहोचली तर जहाज गेलेले असेल. एक दिवस आधी मुंबईला पोहोचा. रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढताना ४५ पैशांत १० लाखांपर्यंतचा अपघात विमा मिळतो, तोही घेत चला. पण ध्यानात ठेवा, तो अपघाताचा आहे, उशिराचा नाही.

शरीअतचा प्रश्न

आमच्या अनेक वाचकांच्या मनात हप्त्याच्या आधी हा प्रश्न येतो, आणि तो यायलाच हवा. व्यापारी विम्यात 'गरर' म्हणजे अनिश्चितता आहे आणि पैसा व्याजात गुंतविला जातो, असा अनेक उलमांचा आक्षेप आहे. इस्लामी परिषदेच्या फिकह अकादमीने १९८५ साली जिद्दा येथील बैठकीत ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज ठरविला आणि परस्पर सहकार्यावर आधारलेल्या विम्याला मान्यता दिली. मलेशियाने १९८४ साली अशा सहकारी विम्यासाठी, म्हणजे तकाफुलसाठी, कायदा केला. दुसरीकडे, कायद्याने बंधनकारक असलेल्या विम्याची बाब मजबुरीची म्हणून वेगळी मानली जाते. आपण मोटारसायकलचा विमा काढतो तो याच सदरात. गरजेच्या प्रसंगी सवलत कितपत आहे, यावर उलमांत मतभेद आहेत.

निर्णय देणे हे या पानाचे काम नव्हे. पॉलिसीचा कागद घेऊन आपल्या विश्वासातील मुफ्तींकडे जा, अम्मींचे वय आणि आजार सांगा, आणि विचारा. आमचे म्हणणे एवढेच, की जो माणूस न घेण्याचा निर्णय करील त्याने जोखीम नाहीशी झाली असे समजू नये. ती त्याच्याच डोक्यावर आहे. मग त्याने तेवढी रक्कम हाताशी ठेवावी किंवा अडचणीच्या वेळी रात्रीतून पैसे पाठवू शकेल असा भाऊ-नातेवाईक आधीच ठरवून ठेवावा. तेही शक्य नसेल तर आजारी, वयस्क माणसाला जहाजावर नेण्याचा पुन्हा विचार करावा. विमा न घेणे हा निर्णय असू शकतो, पण बेफिकिरी हा निर्णय नव्हे.

उमरा आणि आखात

सौदी सरकारने जानेवारी २०२० पासून बाहेरून येणाऱ्या उमरा यात्रेकरूंसाठी विमा बंधनकारक केला. त्याचा पैसा व्हिसाच्या खर्चातच घेतला जातो आणि मर्यादा १ लाख रियालपर्यंत आहे. पण अनेक यात्रेकरूंना आपल्याकडे असा विमा आहे हेच माहीत नसते. टूरवाल्याकडून त्याचा क्रमांक आणि मदतीचा फोन लिहून घ्या.

दहावीपेक्षा कमी शिक्षण असलेले कारागीर आखातात कामाला जातात तेव्हा त्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावीच लागते. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख. हा कागद एजंटाकडे न ठेवता त्याची एक प्रत घरी बायकोकडे ठेवावी. ज्याला पैसे मिळायचे त्यालाच कागद माहीत नसेल तर विमा असून नसल्यासारखा.

दावा करताना

एकदा आमचीही फजिती झाली आहे. परतीच्या प्रवासात आमची बॅग आली नाही. विमा होता. आम्ही थकलो होतो, सरळ घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी अर्ज केला. उत्तर आले, विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीकडून घेतलेला लेखी दाखला जोडा. तो आम्ही घेतलाच नव्हता. चूक आमची होती; पॉलिसीत ते लिहिलेले होते आणि पॉलिसी त्याच हरवलेल्या बॅगेत होती.

त्यावरून सांगतो. पॉलिसीची एक प्रत जवळ, एक घरी आणि एक मोबाइलमध्ये ठेवा. रुग्णालयात दाखल होताच, किंवा आधीच, मदत केंद्राला फोन करा. अनेक पॉलिसींत ती अटच असते. जहाजाच्या डॉक्टरचा अहवाल, बिले, पावत्या, बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरील शिक्के सांभाळा. चोरी झाली तर पोलिसांचा दाखला घ्या. कंपनीने दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. एक महिन्यात समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे जाता येते. नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे. तेथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. विमा नियामक प्राधिकरणाचा तक्रारीसाठी फोन १५५२५५ असा आहे.

आमचे उत्तर

बिलोलीच्या बांधवांना आमचे सांगणे असे. मुफ्तींचा सल्ला घेतल्यानंतर विमा काढायचे ठरले तर, प्रथम कंपनीची गट पॉलिसी आहे का हे पाहा. नसेल किंवा तोकडी असेल तर तुम्हा दोघांसाठी वैद्यकीय खर्चाची पॉलिसी घ्या. बॅग आणि सफर रद्द होण्याच्या कलमांवर जादा पैसे घालू नका. अम्मींसाठी जुना आजार, जहाजावरील उपचार आणि परत आणण्याचा खर्च ही तिन्ही कलमे असलेलीच पॉलिसी घ्या, मग ती हजार-पंधराशे रुपयांनी महाग असली तरी. अशी पॉलिसी त्यांच्या वयाला मिळतच नसेल, तर डॉक्टरांना विचारा आणि कदाचित या खेपेला अम्मींना घरीच राहू द्या. त्यांच्यासोबत बहिणीला ठेवा.

थोरल्या बंधूंनाही एक शब्द. पाच दिवसांत काही झाले नाही, आणि इन्शाअल्लाह होणार नाही, तर ते साडेपाच हजार पाण्यात गेले असे समजू नका. दुकानाला रात्री कुलूप लावतो, सकाळी चोरी झालेली नसते. म्हणून कुलपाचे पैसे वाया गेले असे आपण म्हणत नाही.

आणि जुन्या हाजींची रीत सोडू नका. निघण्याआधी उधारीची वही मुलाला समजावून सांगा, देणी लिहून ठेवा, अमानती परत करा, वसीयत करा. विमा कंपनी रुग्णालयाचे बिल देईल. आपण कोणाचे किती देणे लागतो, हे मात्र घरच्यांना आपल्याशिवाय कोणी सांगणार नाही.